धातूचा कण आणि पेशीचे दार

सांगोला, पंढरपूर आणि मंगळवेढा या तालुक्यांतील हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंबाने जी सुबत्ता आणली, ती कोणत्याही कोरडवाहू पिकाला आणता आली नव्हती. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा मान मोठा. पण ज्वारीने घर चालते आणि डाळिंबाने घर बांधले जाते, हे या भागातील कोणत्याही बँकेच्या कर्जखात्यांवरून सहज दिसते. केगाव येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले, पुढे ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि याच बागांना तेल्या रोगाने ग्रासले. पानावर प्रथम तेलकट, पाणीदार ठिपका दिसतो. मग तो काळा पडतो. फळावर डाग उठतात आणि पक्व होण्यापूर्वीच फळ उलते. पावसाळी हवेत मृग बहाराची बाग काही दिवसांत हातची जाते. कित्येकांनी बागा मुळासकट उपटून टाकल्या.

तेल्याचे मूळ झँथोमोनास कुळातील एका जिवाणूत आहे. त्यावर शेतकऱ्याच्या हाती पूर्वीपासून जे हत्यार आहे, ते तांबे. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण, किंवा लिटरला दोन-अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड. फ्रान्समधील बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळे पाणी शिंपडत असत. नेमक्या त्याच वेली रोगापासून बचावल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे ठेवले. चोरांसाठी केलेली योजना बुरशीला लागू पडली.

२०१२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी डाळिंबाच्या याच जिवाणूवर तांब्याचे अब्जांश कण, म्हणजे नॅनो कण, वापरून पाहिले. प्रयोगशाळेत दशलक्ष भागांत ०.२ भाग एवढ्या अल्प प्रमाणात जिवाणूची वाढ रोखली गेली. कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा हे प्रमाण दहा हजार पटींहून कमी आहे. प्रयोगशाळेतील काचेची बशी आणि उन्हापावसातील बाग यांत पुष्कळ अंतर असते, हे खरेच. तरीही आकडा थक्क करणारा आहे. धातू तोच, मग केवळ कण बारीक केल्याने असे काय बदलते?

अर्धे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या तांब्याच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन दहा नॅनोमीटर बाजूच्या इवल्या घनांत चिरला, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा हजार चौरस फूट भरतो. भांडवल तेच, पण शाखा अगणित. धातूचे सगळे व्यवहार पृष्ठभागावर चालतात. तेथूनच अणू एकेक करून विद्युत्भारित रूपात, म्हणजे आयन होऊन, पाण्यात उतरतात. ढेकळातून हे काम अत्यंत सावकाश होते, अब्जांश कणातून झपाट्याने.

उरलेले अर्धे उत्तर जिवंत पेशीच्या दारात आहे, आणि ते अधिक रंजक आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ आवरण असते. त्याची जाडी चार-पाच नॅनोमीटर. हे आवरण मिठाच्या, पोटॅशियमच्या वा कॅल्शियमच्या आयनांना मुळीच वाट देत नाही. पेशीच्या आत पोटॅशियम अधिक आणि बाहेर सोडियम अधिक, अशी शिल्लक ठेवण्यासाठी पेशी अहोरात्र ऊर्जा खर्च करते. या फरकामुळे आवरणाच्या दोन बाजूंत विद्युत्दाब निर्माण होतो. विश्रांत अवस्थेतील मज्जापेशीत तो एका व्होल्टचा सुमारे सत्तर हजारांश भाग असतो. ऐकायला क्षुल्लक, परंतु तो अवघ्या पाच नॅनोमीटर जाडीवर ताणलेला असल्याने मीटरच्या हिशेबाने एक कोटी चाळीस लाख व्होल्ट भरतो. विचार, हालचाल, हृदयाचा ठोका, हे सारे या दाबाच्या चढउतारांवर चालते.

हे चढउतार घडवणारी दारे म्हणजे आवरणात रुतलेले प्रथिनांचे सूक्ष्म मार्ग. इंग्रजीत त्यांना आयन चॅनेल म्हणतात. मराठीत आयन-वाहिनी म्हणता येईल. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे टोक पेशीच्या आवरणाला टेकवून एकट्या वाहिनीतून जाणारा विद्युत्प्रवाह मोजला. तो एका अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाच्या घरातला होता. दार उघडले की प्रवाह सुरू, मिटले की बंद. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. या पद्धतीसाठी त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पोटॅशियमच्या वाहिनीची करामत तर जैन घरातील वाचकांना विशेष भावेल. पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे गाळण्याचा नियम लहान मुलालाही ठाऊक असतो: बारीक ते खाली जाते, मोठे ते कापडावर राहते. पोटॅशियमची वाहिनी नेमके उलट करते. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा असतो. तरी तो सेकंदाला कोट्यवधींच्या संख्येने पार होतो आणि लहान सोडियम अडतो. दहा हजार पोटॅशियमांमागे जेमतेम एखादा सोडियम निसटून जातो. हे कोडे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये उलगडले. पाण्यातील आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कोंडाळे असते, आणि अरुंद वाहिनीत शिरताना ते सोडून द्यावे लागते. वाहिनीच्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले असतात की पोटॅशियमला सोडलेल्या पाण्याची तंतोतंत भरपाई मिळते. सोडियम लहान असल्याने त्याला सर्व बाजूंनी आधार लाभत नाही. त्याचा हिशेब तोट्यात जातो आणि तो पाण्यातच राहणे पसंत करतो. मॅकिनन यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी अभ्यासलेली वाहिनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूची होती. ज्या स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी तेल्यावर केली जात आली, ते प्रतिजैविक याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूकडून मिळालेले आहे; जिवाणूंच्या जगातही नातीगोती गुंतागुंतीची असतात.

एवढ्या काटेकोर दारासमोर धातूचा कण आला, तर काय होते?

सर्वांत स्पष्ट उत्तर सोन्याने दिले. जर्मनीतील आखेन येथील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये १.४ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण तपासले. वाहिनी निवडली ती हृदयाची. एचईआरजी या नावाने ओळखली जाणारी पोटॅशियमची ही वाहिनी प्रत्येक ठोक्यानंतर हृदयपेशीला पूर्ववत विश्रांत अवस्थेत आणते. ती अडली तर ठोक्यांची लय बिघडू शकते, क्वचित प्राणावरही बेतते. सर्दी-ॲलर्जीवरचे टर्फेनाडीन हे औषध याच कारणाने बाजारातून मागे घ्यावे लागले आणि तेव्हापासून नव्या औषधांची या वाहिनीवर चाचणी घेण्याचा शिरस्ता पडला. आखेनच्या प्रयोगात फॉस्फिन जातीच्या रेणूंचे सैल आवरण असलेल्या सुवर्णकणांनी ही वाहिनी कायमची बंद केली. धुऊनही ती उघडली नाही. गंधकाच्या बंधाने घट्ट बसवलेले आवरण असलेल्या तेवढ्याच आकाराच्या कणांचा मात्र काहीही परिणाम झाला नाही. दोन्हींत सोने तेच आणि माप तेच होते. बदलली होती ती केवळ वरची वेष्टणे. आणि जिवंत प्राण्यात तपासले, तेव्हा दोहोंपैकी एकाही कणाने वाहिनी अडवली नाही. रक्तात शिरताच अशा कणांवर प्रथिनांचा थर चढतो, हे सर्वज्ञात आहे. पेशीपर्यंत पोहोचणारा कण बाटलीतल्या कणासारखा राहत नाही.

या एका प्रयोगात तिन्ही गोष्टी आहेत: भीतीचे कारण, भीतीचे निवारण, आणि ‘नॅनो’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही हा धडा. जाहिराती मात्र त्या एकट्याच शब्दावर चालतात.

चांदीची रीत वेगळी. तिचे कण बहुधा दहा ते शंभर नॅनोमीटरचे असतात; पोटॅशियमच्या वाहिनीची सर्वांत अरुंद जागा अवघी ०.३ नॅनोमीटर रुंद. एवढा कण त्या दारात बूच म्हणूनही बसत नाही. तो आयन सोडतो, आणि चांदीच्या आयनाला गंधकाची विलक्षण ओढ असते. देवघरातील चांदीचे निरांजन काही महिन्यांत काळवंडते, ते हवेतल्या गंधकामुळेच. वाहिन्यांच्या प्रथिनांतही ठिकठिकाणी गंधकाचे अणू असतात. तेथे चांदी चिकटली की प्रथिनाची घडी मोडते. चीनमधील नानकाई विद्यापीठात २००९ मध्ये उंदरांच्या मेंदूतील पेशींवर चांदीच्या अब्जांश कणांची परीक्षा झाली, तेव्हा सोडियमच्या वाहिन्यांतून जाणारा प्रवाह घटल्याचे आढळले. कॉपर ऑक्साइडच्या कणांनीही तेथे तसाच परिणाम दाखवला; त्यात ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांचा हात होता. ही परीक्षा पेशी उघड्यावर ठेवून केलेली आहे. तीवरून माणसाच्या मेंदूविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

जिवाणूत मात्र चांदी आणि तांबे यांना रान मोकळे असते. तेथे रक्तातील प्रथिनांचे रक्षण नाही, यकृत नाही, श्वसनाची सारी यंत्रणा बाहेरच्या आवरणाजवळच मांडलेली. धातूचे आयन आवरणाचा विद्युत्दाब मोडतात, पोटॅशियम बाहेर गळते आणि जिवाणू मरतो. बेंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात सोळा तास पाणी ठेवून पाहिले, तेव्हा पटकीसारख्या रोगांचे जिवाणू त्यात वाढवूनही सापडले नाहीत आणि पाण्यात उतरलेले तांबे मर्यादेत होते. आजीच्या तांब्याच्या कळशीला हे प्रशस्तिपत्र पुरेसे आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. तांबे शरीराला अल्प प्रमाणात हवेच असते आणि जादा झालेले पित्तावाटे बाहेर टाकण्याची व्यवस्था शरीरात आहे. चांदीची शरीराला कोणतीच गरज नाही.

चांदीचा खरा बळी माणूस नसून मासा आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा मीठ कितीतरी अधिक असते. ते सतत बाहेर झिरपते आणि मासा कल्ल्यांतून पाण्यातला सोडियम ओढून घेत तूट भरून काढतो. हे ओढण्याचे काम करणारा प्रथिनांचा पंप चांदीच्या आयनांनी थांबतो. मग माशाच्या देहातले मीठ संपत जाते आणि रक्ताभिसरण कोसळते. ट्राउट जातीच्या माशांत लिटरमागे काही मायक्रोग्रॅम मुक्त चांदीनेही हे घडते. भारतीय मानकानुसार माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी चालते. जे पाणी माणसाला निर्धोक, ते माशाला प्राणघातक असू शकते. सुदैवाने नदी-तलावात क्लोराइड, गंधक आणि कुजलेले सेंद्रिय द्रव्य चांदीला बांधून ठेवतात, म्हणून प्रत्यक्षात धोका पुष्कळ सौम्य होतो.

सोलापूरच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. चादरी आणि टॉवेल हा या शहराचा प्राण. आणि घामाचा वास येऊ नये म्हणून कापडाला चांदीच्या अब्जांश कणांची प्रक्रिया करण्याचे तंत्र जगभर रूढ झाले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात २००८ मध्ये अशा पायमोज्यांची तपासणी झाली. काही मोज्यांतील जवळजवळ सारी चांदी चार धुण्यांत पाण्यात निघून गेली. काहींतून फारशी गेलीच नाही. कण धाग्यावर नुसता बसवला आहे की धाग्यात बांधला आहे, यावर सारे अवलंबून. ग्राहकाला पाचव्या धुण्यानंतर केवळ किंमत उरते आणि चांदी सांडपाण्यात जाते. ज्या समाजात पाणी गाळून झाल्यावर गाळण्यातला जीव त्याच्या मूळ स्थानी सोडण्याची, बिलछानीची, काळजी घेतली जाते, त्या समाजातील कापड-व्यापाऱ्याने हा प्रश्न गिरणीला अवश्य विचारावा. चांदी धाग्याला कशी बसवली आहे आणि किती धुण्यांनंतर किती उरते, याचे उत्तर कागदावर मिळत नसेल, तर साधा सुती टॉवेल अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

बागाईतदाराचा विचारही याच तराजूत होतो. भगवान आदिनाथांनी असि, मसि यांच्यासह कृषीचा उपदेश केला. गृहस्थाकडून होणारी उद्योगी हिंसा शास्त्रांनी ओळखली आणि तेथे यत्नाचाराची अपेक्षा ठेवली. तांब्याची मात्रा दहा हजारांश झाली, तर मातीत साचणारे तांबे कमी होईल, गांडुळे वाचतील, ही आशा रास्त आहे. परंतु बारीक कण हवेतही अधिक काळ तरंगतो, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणारा मजूर नाकाला उपरणे बांधून उभा असतो. उपरण्यातून नॅनो कण अडत नाही. ज्या बागेत नॅनो औषध येईल, तेथे योग्य प्रतीचा मुखवटा आणि हातमोजे मालकाने स्वतःच्या खर्चाने द्यावेत. तो खर्च औषधाच्या किमतीतच धरावा. रोगट फांद्या छाटून जाळणे, कात्री निर्जंतुक करणे, निरोगी रोपे आणणे आणि पावसाळ्याचा बहार टाळून हस्त बहार धरणे, ही कामे कोणत्याही बाटलीने चुकत नाहीत.

आता मिठाईच्या डब्याकडे वळावे. वर्खाविषयी जैन समाजाचा आक्षेप जुना आहे आणि तो आरोग्याचा नव्हता. चांदीचा तुकडा जनावरांच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून ठोकण्याच्या पद्धतीविरुद्ध पुण्याच्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेने दीर्घकाळ आवाज उठवला. २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वर्खाचे नियम अधिसूचित केले: चांदी ९९.९ टक्के शुद्ध असावी, वजन चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत असावे आणि निर्मितीच्या कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरू नये. शेवटच्या अटीवरून पुढे न्यायालयीन वाद झाले. यंत्रावर कागदात ठोकलेला वर्ख आता मिळतो; तेव्हा दुकानदाराला विचारण्याचा हक्क ग्राहकाने सोडू नये.

या नियमातील आकड्यावरून आणखी एक गणित मांडता येते. चौरस मीटरला २.८ ग्रॅम म्हणजे वर्खाची जाडी सुमारे २६७ नॅनोमीटर. अब्जांश पदार्थाची रूढ मर्यादा १०० नॅनोमीटर; म्हणजे वर्ख त्या उंबरठ्याच्या बाहेरच, पण फार दूर नाही. चार सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी काजूकतलीवर पूर्ण वजनाचा वर्ख असेल, तर चांदी साडेचार मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मानवी नोंदींच्या आधारे आयुष्यभरात तोंडावाटे एकूण सुमारे १० ग्रॅम चांदी अपायाविना चालू शकते, असे धरले आहे. भागाकार केला तर सुमारे २,२०० कतल्या होतात. वर्षाला शंभर कतल्या खाणाऱ्याला त्या बावीस वर्षे पुरतील. हा हिशेब अतिशय कडक आहे, कारण वर्खातील चांदी क्षारांसारखी विरघळत नाही, जठरातील क्लोराइड तिच्या आयनांना बांधते आणि बहुतेक चांदी शरीरात न शिरता बाहेर पडते. दिवाळीच्या चार कतल्यांनी कोणाचे काही बिघडणार नाही. तरी युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये खाद्य चांदीचा फेरविचार केला, तेव्हा कणांचा आकार किती आणि आयन किती सुटतात याची माहितीच हाती नसल्याने तिची सुरक्षितता ठरवता येत नाही, असा अभिप्राय दिला.

मात्र ‘कोलॉइडल सिल्व्हर’ या नावाने प्रतिकारशक्तीसाठी रोज चमचाभर घेण्याचे जे द्रव विकले जातात, त्यांना ही सवलत देता येत नाही. त्यांत कण मुळातच बारीक असतात, सेवन दररोजचे असते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशी विनाचिठ्ठी औषधे सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला आहे. दीर्घ सेवनाने त्वचेत चांदी साचून चेहरा निळसर-करडा होतो. त्या विकाराला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग आयुष्यभर जात नाही. अशी बाटली घरात असेल तर ती नळाच्या मोरीत ओतू नये. मोरीचे पाणी शेवटी एखाद्या ओढ्याला मिळते आणि तेथे मासे असतात. झाकण घट्ट लावून ती कचऱ्याच्या घातक वर्गात द्यावी.